खाली ठेवलेला चाकू

सांगली,
चैत्र वद्य पंचमी, १९६७

तीर्थरूप सिद्धूदादांच्या पायांवर धाकट्या आकारामचं डोकं. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुम्ही विचारलं नव्हतं, तरी कळवलं. तुमचा खोकला कसा आहे? हरणाबाई वहिनींचा गुडघा थंडीत आखडला होता, तो आता उन्हानं मोकळा झाला असेल. वडूजच्या गाडीत आपल्या गावचा एक जण भेटला, तो म्हणाला मेंढरांना खुरकूत आली होती. आता कशी आहेत? विहिरीला जनावरांपुरतं तरी पाणी आहे का? हे सगळं मनापासून विचारतो आहे, पत्र असंच सुरू करायचं असतं म्हणून नव्हे. (असंच सुरू करायचं असतं, हेही खरं.)

(मुक्ता, पोरी, हे पत्र तू मामंजींना वाचून दाखवणार. घरात चौथी पास झालेली तू एकटीच. म्हणून आधीच सांगतो, जे कंसात आहे ते मनात वाचायचं, बाकीचं मोठ्यानं. वरचा कंस तू मोठ्यानं वाचून मोकळी झाली असशील. असू दे. यापुढं सांभाळ.)

दादा, पहिल्या ओळीत सांगायचं ते आता सांगतो. हे पत्र चाकू मागण्यासाठी नाही. माझं नाव ऐकल्याबरोबर तुम्ही कमरेला हात लावून बघितला असेल, म्हणून सांगितलं. चाकू आहे तिथं असू द्या. हे पत्र आमच्या सयाजीच्या लग्नाचं आमंत्रण आहे आणि त्या निमित्तानं गेल्या दोनतीन महिन्यांत माझी जी शोभा झाली ती थोरल्या भावाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, एवढाच हेतू. गाडीत ती सगळ्यांना कळलेली आहे. मागं बसलेला उतारू पुढच्याला सांगतो आणि मी मधे उभा राहून तिकिटं फाडतो.

आबांचा चाकू तुम्हाला मी काय सांगणार. पण मुक्ता तेव्हा आपल्या घरात नव्हती, तिच्यासाठी लिहितो. तो काही तलवार नव्हता. मेंढ्याच्या शिंगाची मूठ, तिच्यात मिटून बसणारं वीतभरही नसलेलं पातं आणि मुठीच्या भोकातून ओवलेली लोकरीची दोरी. त्या चाकूनं आबांनी मेंढरांचे खूर तासले, कोकरांच्या नाळा कापल्या, वाटेवर भेटेल त्याच्या तळपायातले काटे काढले आणि त्याच पात्यानं भाकरीवरच्या मिरचीचे तुकडे केले. (मधल्या वेळात ते धुतलं का, हे आपली आई धोंडुबाई हिनं कधी विचारलं नाही.) घरात ज्याचं लग्न, त्याच्या हातात हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत हाच चाकू, टोकाला लिंबू टोचून, म्हणजे बाहेरची बाधा होत नाही. लग्न पार पडलं की घरातल्या थोरल्यानं मुठीवर एक खाच पाडायची. आज्याची आहे, आबांची आहे, तुमची आहे, माझी आहे. माझी जरा वाकडी आहे, कारण ती पाडताना आबांना शिंक आली होती. वाकडी असली तरी ती माझीच आहे, आणि ती तुमच्या कमरेला आहे.

आता रीत. चाकू, विळा, कातर कुणी कुणाच्या हातात द्यायची नाही, दिली की दोघांत वितुष्ट येतं. खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. आबांनी ही रीत मरतानाही मोडली नाही. त्या साली आपली मेंढरं पलूसला, आपल्यातल्याच आक्काताईंच्या रानात बसवलेली. भर दुपारी बाभळीखाली आबा घोंगडीवर पडलेले, उजवीकडं तुम्ही, डावीकडं मी. त्यांनी कमरेचा चाकू सोडला आणि घोंगडीवर ठेवला. तुमच्या बाजूला नाही, माझ्या बाजूला नाही, मधोमध. कुणासाठी ते बोलले नाहीत. मग पाणी मागितलं. पाणी आणायचं काम धाकट्याचं, म्हणून मी तांब्या घेऊन उठलो आणि आक्काताईंच्या दारी गेलो. परत आलो तर चाकू तुमच्या कमरेला. मी आबांना पाणी पाजलं, आणि ते गेले. दिवस घातल्यावर मी एकदाच विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘खाली ठिवला हुता. उचलला.’ त्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. गाडीत बिनतिकिटाच्या माणसानं कसलंही कारण सांगितलं तरी मला तिथल्या तिथं उत्तर सुचतं, पण याला नाही.

मागं एका पत्रात तुम्ही मुक्ताकडून लिहवून घेतलं होतं की पाणी धाकट्याच्या हातचं प्यायले, चाकू थोरल्याकडं राहिला, वाटणी बरोबर झाली. दादा, मी रोज हिशेब देणारा माणूस आहे, मला ही वाटणी जुळत नाही. चाकू तुमच्याकडं राहिला. पाणी आबांनी पिऊन टाकलं. माझ्या हातात राहिला तो रिकामा तांब्या, आणि तो तांब्याही वहिनींच्या चुलीपाशी आहे.

मी कुरकुर करत नाही. आपल्या घरात कांदा बुक्कीनं फोडतात, एवढंच लिहितो. तुम्ही जन्मभर बुक्कीनं फोडत आलात. मी जत्रेला गावी आलो की मात्र तुम्ही दोरी ओढून चाकू बाहेर काढता, सावकाश उघडता, अंगठ्यावर धार बघता आणि माझ्या पुढ्यात कांद्याच्या गोल गोल चकत्या करता. एकदा वहिनीही म्हणाल्या होत्या, ‘आवं, हात मोडल्यात का आज?’ तुम्ही हसलात. मी त्या चकत्या खाल्ल्या. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यानं, दुसरा अर्थ कुणी काढू नये.

मग मला चाकूंचा नाद लागला. लोक म्हणतात कंडक्टरला दुसरे नाद परवडत नाहीत, म्हणून हा. ज्या गावाला गाडी मुक्कामी जाईल तिथला चाकू मी बघायचो आणि जमला तर घ्यायचो. खंडाळ्याच्या थांब्यावर पेरू विकणाऱ्या म्हातारीकडून लाकडी मुठीचा घेतला. मिरजेत तंबोऱ्याचे भोपळे कोरणाऱ्या एका कारागिरानं टाकून दिलेला घेतला. बाजारात पितळी माशाच्या आकाराचा मिळाला, त्याचं पातं माशाच्या पोटातून निघतं. तासगावच्या द्राक्षमळ्यातला कलम करायचा घेतला. एका हवालदारानं पलटणीतला दिला, त्यात पात्याबरोबर डबा फोडायचा आकडा, टोच्या आणि कशासाठी ते त्यालाही माहीत नसलेली एक पट्टी होती. प्रत्येकाला तेल लावायचं, मलमलच्या फडक्यात गुंडाळायचं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचं. सुट्टीच्या दिवशी सगळे काढून घोंगडीवर मांडायचे, बघायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. आमची मंडळी बनाबाई म्हणते, ‘घरात पेटीभर चाकू, आन् कांदा चिराय शेजारणीची इळी.’ बायकांना संग्रह कळत नाही. (मुक्ता, हे वाक्य वहिनी तिथं असल्या तर गाळ.) दर वेळी मांडताना मी मधोमध एका चाकूची जागा मोकळी सोडत असे. सवयीनं सुटते. त्यात काही नाही.

सयाजीची सुपारी संक्रांतीनंतर पलूसला फुटली. मुलगी आक्काताईंची नात. आपलेच लोक, दोन पिढ्या शेती करून तिथंच राहिलेले. स्थळ आलं तेच आबांच्या ओळखीनं. सुपारी फोडून आलो त्या दिवशीच बनाबाई म्हणाली, ‘आता दादास्नी चाकू मागा.’ मी म्हणालो, मागणार नाही. ती म्हणाली, ‘मागू नगा. त्येंनी ठिवला की उचला.’ मी म्हणालो, मेंढरं चारणारा माणूस मांडवात चाकू खाली ठेवत नसतो. त्यावर ती पोळपाट आपटून आत गेली, आणि मी वडूजच्या बाजाराला गेलो.

वडूजला पालं टाकून बसलेल्या घिसाड्याकडं मी हुबेहूब आबांच्यासारखा चाकू करायला टाकला. पात्याची लांबी सांगितली, शिंगाची मूठ सांगितली, दोरीसुद्धा लोकरीची सांगितली. घिसाडी म्हणाला, खाचा किती? आपल्या बापाच्या चाकूवर खाचा किती ते मला ठाऊक नव्हतं. आज्याच्या आधीही कुणाच्या असतील, तुमच्या पोरांच्या झाल्या असतील. (मुक्ता, त्या तू मोजून कळवल्यास, तुझे उपकार आहेत. मामंजी दुपारी झोपले असताना त्यांच्या कमरेचा चाकू मोजणं सोपं काम नाही. हे अजिबात वाचू नको.) शेवटी एका विश्वासू माणसाकडून आकडा मिळवला आणि घिसाड्यानं सगळ्यांच्या खाचा एका बैठकीत, एकाच कानशीनं पाडल्या. माझी वाकडी पाडायला सांगितली तर तो म्हणाला, ‘वाकडी पाडाय येत न्हाई, पावणं. हात सरळ हाय.’ तेवढ्या एका खाचेत काय तो फरक. तेल लावून, चहाच्या पाण्यात ठेवून मी मूठ जुनी केली. दादा, समोरासमोर ठेवले असते तर तुम्हीही क्षणभर फसला असता.

तो चाकू खिशात घालून मी सांगलीला उतरलो, आणि निवडणुकीचा बंदोबस्त माझ्या ध्यानात नव्हता. स्टँडवर झडती चालू होती. एका पोलिसानं माझ्या कोटाचा खिसा चाचपला आणि मला बाजूला घेतलं. कंडक्टरच्या खाकी कपड्यांमुळं लोकांना वाटलं मीच कुणाला तरी पकडून नेतो आहे, म्हणून वाटेत दोघांनी मला नमस्कार केला. चौकीत फौजदार बसले होते. (कुठली चौकी ते लिहीत नाही, मला याच गावात राहायचं आहे.) म्हणाले, ‘काय वं कंडक्टर, तिकीट फाडाय निगालाय का माणूस?’ मी म्हणालो, साहेब, लग्नाचा चाकू आहे. म्हणाले, कुणाचं लग्न. मी म्हणालो, मुलाचं. म्हणाले, मग तुमच्या खिशात कशाला. मी सगळं सांगितलं. आबा, घोंगडी, तांब्या, घिसाडी. ते मन लावून ऐकत होते. मला वाटलं, चला, सांगली गावात एक तरी माणूस आहे. मी चाकू त्यांच्यापुढं केला तर ते हात मागं घेऊन म्हणाले, ‘हातात नगा दिऊ. आमच्यातबी चालत न्हाई. टेबलावर ठिवा.’

मी ठेवला. त्यांनी उचलला. उघडून बघितला, नखावर धार बघितली, ‘झकास हाय’ म्हणाले आणि खणात टाकला. मग मला चहा पाजला आणि जायला सांगितलं. दादा, मी त्या बंद खणाकडं बघत होतो आणि माझ्या कानात तुमचे शब्द वाजत होते. खाली ठेवला होता, उचलला. फौजदारांना तर तेवढंही बोलावं लागलं नाही.

परवा बस्ता ठरवायला पलूसला जायचं होतं. आक्काताईंचा निरोप होता की नवऱ्याच्या हातात धरायचा चाकू घेऊन या, बघायचा आहे. त्यांचं वय झालेलं आहे पण घरात शब्द त्यांचाच चालतो. आता नकली चाकूही हातचा गेलेला. मी म्हटलं, एक गेला म्हणून काय झालं, पेटी आहे. पसंत करतील तो धरू. पेटी गाडीच्या टपावर टाकली नाही, मांडीवर घेऊन गेलो. सयाजी बरोबर होता. तो मिलिटरीत जायचं म्हणतो, त्याला यातलं काही कळत नाही. वाटेत म्हणाला, ‘तात्या, लिंबू धरायचंय का दुकान मांडायचंय?’

ओसरीवर त्यांची माणसं जमलेली. व्याही, त्यांचे भाऊ, चुलते, मेहुणे, शेजारचे दोघे. मी घोंगडी मागितली. ती अंथरली. मग फडकी सोडत सोडत एकेक चाकू ओळीनं मांडला, पेरूवाला, तंबोऱ्याचा, मासा, कलमाचा, पलटणीतला, सगळे. मधोमध जागा सोडली. उन्हात पाती अशी चमकत होती की माझं मलाच भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं माझा संग्रह बघायला बसली होती. मी मागं सरून म्हणालो, बघा मंडळी.

आणि दादा, त्यांनी उचलले. आपल्या लोकांत घोंगडीवर चाकू ठेवला याचा अर्थ काय होतो, हे मला तुम्ही शिकवून झालं होतं, तरी मी विसरलो. त्यांना वाटलं, नवऱ्याकडच्यांचा हा मान आहे. बाकीचे टोपी-टॉवेल देतात, यांनी चाकू दिले. व्याह्यांनी पहिला उचलला, कपाळाला लावला आणि कमरेला खोचला. मग वयाप्रमाणं एकेक जण पुढं येऊन, वाकून, उचलून, मला रामराम करून मागं गेला. इतक्या शिस्तीत माझ्या गाडीत कधी कुणी चढलेलं नाही. शेजारच्यांपैकी एकानं घरी पडून असलेल्या भावाच्या नावानं एक जादा उचलला. व्याही म्हणाले, ‘पावण्यांनी लय मान राखला. येवढा आमच्यात कुणी न्हाई राखला.’ मुलाच्या सासऱ्याला मी काय सांगू, की बाबा तो बघायला ठेवला होता? माझ्या तोंडून निघालं, ‘तुमी हाय म्हणून आमी.’ त्यावर त्यांनी उलट मान म्हणून दुकानातून टोप्या मागवल्या आणि ज्यानं ज्यानं चाकू उचलला त्यानं त्यानं मला एकेक टोपी घातली, आधीच्या टोपीवर. सयाजी खांबाला धरून हसत होता. परत येताना पेटीत टोप्या होत्या. बनाबाईनं पेटी उघडून बघितली आणि म्हणाली, ‘बरं झालं. टोप्या घालता तरी येत्यात.’

घोंगडीवर एकच चाकू उरला, हवालदाराचा, कारण तो सगळ्यांना कुलूपच वाटला. आक्काताईंनी तो काठीनं आपल्याकडं ओढला, उचलला आणि डोळ्यांजवळ नेऊन बघितला. डबा फोडायचा आकडा उघडला, मिटला. मला म्हणाल्या, ‘पावणं, ह्येनं तुमी काय कापलंय?’ मी म्हणालो, अजून काही नाही. ‘मेंढराचा खूर?’ नाही. ‘कुणाचा काटा काढलाय?’ नाही. ‘मग करताय तरी काय?’ मी म्हणालो, मी तिकिटं फाडतो. ओसरी हसली. त्या हसल्या नाहीत. पाय पुढं करून तळवा दाखवला आणि म्हणाल्या, ‘हितं बाभळीचा काटा मोडला हुता, आत पू झालता. तुमच्या बानं, कोंडीबांनी, दोन बोटांत पाय धरला आन् त्या शिंगाच्या चाकूनं काढला. मला कळलंबी न्हाई. ह्ये तुमचं खेळणं हाय, पोराला द्या.’ मग त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. ती इथं लिहिण्यासारखी नाही. मी काय उत्तर दिलं, तेही नाही.

दादा, परतीच्या गाडीत मांडीवर टोप्या घेऊन बसलो असताना मला वाटलं, त्या लोकांनी चोरी केली का? नाही. फौजदारांनी? त्यांनीही ‘ठेवा’ म्हणून सांगितलं होतं. खाली ठेवलेलं उचललं तर रीतीप्रमाणं गुन्हा होत नाही. म्हणजे त्या दुपारी तुम्ही जे केलंत ते रीतीला धरूनच होतं, असं मला उमजेल असं वाटून मी कऱ्हाडच्या पुलासारखा लांबलचक विचार करत बसलो. उमजलं नाही. राग आला तेवढाच. उलट आता राग धरायला माणसं वाढली आहेत.

असो. तुम्ही काळजी करू नका. सयाजीच्या हातात हवालदाराचा चाकू देऊ, नाहीतर बाजारातून एक नवा आणू, पोलादी, चकचकीत. लिंबाला काय, कुठलंही टोक चालतं. मुठीवर खाचा नसतील, तर नसोत. नवीन घराण्याची सुरुवात आमच्यापासून झाली असं लोक म्हणतील. वाईट काय आहे? तुम्ही आणि वहिनींनी लग्नाला अगत्य येऊन अक्षता टाकाव्यात. उन्हाचं जपून या. लहानांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा,
आकाराम

ता. क. : हळद वैशाख शुद्ध नवमीला आमच्या दारी, लग्न दशमीला पलूसला. वडूजहून सकाळची गाडी धरली तर दुपारच्या आत सांगलीला पोचाल. त्या गाडीचा कंडक्टर माझ्या ओळखीचा आहे, बसायला जागा देईल. खोकल्याचं औषध बरोबर आणा, इथं धुरळा आहे.

दुसरा ता. क. : आक्काताईंनी काय विचारलं ते न लिहून भागणार नाही, कारण लग्नात त्या तुम्हाला विचारतीलच. माझ्याकडं जरा वेळ बघून म्हणाल्या, ‘त्या दिशी माझ्या दारी पाण्याला आलता, त्यो तूच न्हवं? तांब्या भरताना हात कापत हुतं तुझं. निम्मं पाणी उंबऱ्यावर सांडलं.’ मी हो म्हणालो. म्हणाल्या, ‘बाला शेवटचं पाणी तू पाजलंस, म्हंजी चाकू तुझ्यापाशीच असणार.’ सगळी ओसरी माझ्याकडं बघत होती. सयाजीही हसायचा थांबून बघत होता. मी म्हणालो, हो, घरी आहे. त्या म्हणाल्या, ‘मग त्योच नवऱ्याच्या हातात दिसू दे. त्येच्याबिगर मी अक्षता टाकत न्हाई, आन् मी टाकल्याबिगर ह्या घरात कोण टाकत न्हाई.’ दादा, ‘घरी आहे’ हे खोटं नाही. तुमचं घर ते माझं घर, असं तुम्हीच आईच्या दिवसांत पंक्तीत सगळ्यांसमोर म्हणाला होतात. मी फक्त कुठलं घर ते सांगितलं नाही.

तिसरा ता. क. : चाकू टपालानं किंवा कुणाच्या हाती पाठवू नका. लग्न झाल्यावर खाच पाडावी लागेल, आणि ती घरातल्या थोरल्यानंच पाडायची असते. माझा हात कापतो, हे आक्काताईंनी वर सांगितलंच आहे. तेव्हा तुम्हाला यावं लागेल. तुमच्या हातातून तो मी घेणार नाही, रीत मोडायला नको. मांडवात घोंगडीवर ठेवा, मधोमध. सयाजी उचलेल. लग्न लागलं, खाच पडली की तो पुन्हा तिथंच ठेवेल आणि तुम्ही उचलायचा. मी शेजारीच बसलेला असेन, पण हात लावणार नाही. फक्त त्या दिवशी कुणीही, प्रत्यक्ष आक्काताईंनी जरी पाणी मागितलं, तरी मी उठणार नाही. पाण्याचं काम सयाजीच्या मेहुण्याला सांगून ठेवलं आहे.

(मुक्ता, एवढं ऐकून मामंजी काहीच न बोलता उठून मेंढरांकडं निघाले, तर त्यांच्यामागं जाऊन विचार की लग्नाला येताना निदान तो तांब्या तरी आणू का. हे कंसात आहे, तरी मोठ्यानं वाच.)